हजेरीपटात न दिसणारा बाप

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान-मध्यम कारखान्यांची पगारपत्रके आणि त्यांच्या कामगारांचे पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. टॉवेल आणि चादरी विणणारे, रंगणी करणारे, शिलाई-पॅकिंग करणारे असे कारखाने माझ्याकडे आहेत. या कामात माणसांची आयुष्ये कागदावरून कळत जातात. लग्न झाले की नॉमिनीचे नाव बदलते, घर बांधायला काढले की पीएफच्या उचलीचा अर्ज येतो, आणि एखादी कामगार बाई बाळंत झाली की हजेरीपटात तिच्या नावापुढची ओळ सव्वीस आठवडे वेगळ्या शेऱ्याने भरत जाते. पुरुष बाप झाला तर त्या पानावर काहीच उमटत नाही. फार तर दोन दिवसांची किरकोळ रजा दिसते आणि अर्जावर कारण लिहिलेले असते, 'घरगुती काम'.

मूल कोणी आणि किती सांभाळायचे हे नवरा-बायकोच्या समजूतदारपणावर सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. नवरा चांगला असेल तर तो हातभार लावतो, नसेल तर बायको सोसते, अशी त्याची सर्वमान्य मांडणी. माझे म्हणणे असे आहे की हा निवाडा दोघांनी तोंड उघडण्याच्या आधीच बराचसा झालेला असतो, आणि तो पगाराच्या हिशेबात व रजेच्या नियमांत झालेला असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, दोन अपत्ये हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात विलीन झाला, पण आठवड्यांचे हे आकडे तेच राहिले. जुन्या कायद्यात बापाला रजा नव्हती, नव्या संहितेतही नाही. आता या सव्वीस आठवड्यांचे पैसे कोण देतो हे पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे आहेत तिथे ईएसआय लागू होते आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का भरतो, आणि बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देते. मालकाला त्या काळात वेगळी तोशीस पडत नाही. पगार या मर्यादेच्या वर गेला की मात्र सगळी रक्कम मालकाच्या गल्ल्यातून जाते.

याचा परिणाम कसा होतो ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. एका टॉवेल कारखान्याला निर्यातीची कागदपत्रे पाहणारे माणूस हवे होते. शेवटी दोन नावे उरली, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीचे इंग्रजी चांगले होते आणि तिला शिपिंग बिलाची माहितीही होती. मालक मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो, पण लग्न ठरलंय म्हणती. उद्या सहा महिने पगार बसून द्यायचा, वर बदली माणूस ठेवायचा. तुम्हीच सांगा, मला झेपतंय का?" समजा पगार २८,००० असेल, तर सहा महिन्यांचे १,६८,००० होतात आणि बदलीचा पगार वेगळा. सुताचे भाव, वीजबिल आणि बँकेचा हप्ता यांतच ज्याचा महिना संपतो, त्या माणसाला ही रक्कम जाचणारच, तेव्हा मी त्यांना खलनायक ठरवणार नाही. नोकरी मुलाला मिळाली. गंमत अशी की त्याचेही लग्न ठरलेले होते, पण ते कोणी विचारले नाही. बाप झाल्याने त्याच्या हजेरीत खंड पडणार नाही हे सर्वांनी गृहीत धरलेले होते, आणि कायद्यानेही ते गृहीत धरलेले आहे.

हा पेच नवा नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हाच मुद्दा घेतला होता. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. मात्र सरकार तो उचलत नाही तोवर मालकाने तो द्यावा, कारण बाईच्या श्रमाचा फायदा त्याला मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा. सोलापूर त्या वेळी इलाख्यातले मोठे गिरणगाव होते, १८७७ च्या जुन्या गिरणीपासून भोंग्यावर चालणारे, त्यामुळे हा वाद इथल्या साच्यांपर्यंत थेट पोहोचणारा होता. जवळजवळ शंभर वर्षे झाली. २१,०००च्या वरच्या पगाराबाबत आपण अजून त्या तात्पुरत्या तोडग्यावरच बसलो आहोत.

पाळणाघराची कथाही बोलकी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे होते. मोजणी बायकांची असल्यामुळे तीसच्या अलीकडे थांबण्याकडे मालकांचा कल असे. २०१७ च्या दुरुस्तीने मोजणी बदलली आणि स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी असतील तर पाळणाघर हवे असे ठरवले. ही सुधारणा खरोखर मोलाची होती, कारण पाळणाघराची गरज बापालाही असते हे तिने निदान आकड्यांत मान्य केले. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा 'स्त्री'ला द्यावी. म्हणजे पन्नासात मोजला गेलेला पुरुष आपल्या मुलाला बघायला गेला तर तो काम सोडून गेला असे धरता येते. प्रत्यक्षात काय असते, ते एका कारखान्यात पाहिले. भिंतीवर छोटा भीम रंगवलेला होता, कोपऱ्यात नवा कोरा पाळणा प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट उभा होता, आणि उरलेल्या जागेत पॅकिंगचे खोके छतापर्यंत रचलेले होते. तपासणीच्या दिवशी खोके हलतात, एवढे पर्यवेक्षकाने स्वतःच सांगितले.

पगारपत्रकाच्या पलीकडे या शहरात एक फार मोठा वर्ग आहे, तो विडी वळणाऱ्या बायकांचा. कुंभारीजवळच्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत किंवा शहरातल्या पूर्वभागात दुपारी कोणत्याही गल्लीतून गेलात तर उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पाने आदल्या रात्री भिजवलेली असतात, कात्री चालते, तंबाखूची चिमूट पडते, दोरा आवळला जातो, आणि या सगळ्यात एक रांगते मूल सुपाकडे झेपावत असते, त्याला डाव्या कोपराने मागे सारले जाते. मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची छाट त्यातून वजा होते. मूल लहान असताना हजाराचा आकडा गाठता येत नाही, म्हणजे मूल सांभाळण्याची किंमत तिथल्या तिथे, रोजच्या रोज, तिच्या मजुरीतून कापली जाते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभाच्या कक्षेत घेतले होते, पण बाळंतपणानंतरच्या पाच-सहा वर्षांचे काय, याचे उत्तर कोणत्याही कलमात नाही. नवरा यंत्रमागावर असतो. बारा तासांच्या पाळीहून आल्यावर त्याच्या कानात माग घुमत असतो. त्याला तू मुलाला घे असे सांगणे सोपे आहे, पण आठ तासांची पाळी न मागता त्याच्याकडून बापपण मागणे मला अप्रामाणिक वाटते. कामाचे तास हा बालसंगोपनाचाच प्रश्न आहे.

आता ज्यांना रजा आहे त्या पुरुषांकडे वळू. सोलापुरात रेल्वेचे विभागीय कार्यालय असल्यामुळे घरटी नाही तरी गल्लीगणिक एक रेल्वेवाला सापडतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांप्रमाणे त्यालाही पंधरा दिवसांची पगारी पितृत्व रजा मिळते, दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असताना, आणि ती बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवसांपासून ते मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत केव्हाही घेता येते. या शेवटच्या सवलतीचा उपयोग करणारा मात्र मला अजून भेटायचा आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी अक्कलकोटला, पंढरपूरला नाहीतर कलबुर्गीला गेलेली असते. मूल झाले की हा रजा टाकून तिकडे जातो, आणि जाताच तो जावई होतो. त्याला पाटावर बसवून जेवायला वाढतात. बाळाला अंघोळ घालायला ठरलेली बाई येते, शेक-शेगडी सासूबाई बघतात, रात्री बाळ रडले तर आजी उठते, आणि जावईबापू पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपलेले असतात, कारण त्यांची झोपमोड होणे यजमानांना लाजिरवाणे वाटते. बाराव्या दिवशी बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि पंधरा दिवस संपतात. लंगोट बदलायलासुद्धा कोणी त्याच्या हातात मूल दिलेले नसते. तीच रजा त्याने पाचव्या महिन्यात, बायको सासरी परत आल्यावर, घरात दुसरे मोठे माणूस नसताना घेतली असती, तर मूल झोपवायचे कसे, ताप मोजायचा कसा, खिमट किती पातळ करायचे, हे त्याला शिकावेच लागले असते. या बाबतीत मी आपल्या रीतीला दोष देतो. नियम इथे रीतीपेक्षा शहाणा आहे.

राज्य शासनाचे पाऊल अधिक उदार, पण त्याची पायरी विचित्र आहे. २०१८ च्या निर्णयाने महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. पुरुषालाही ती मिळते, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. केंद्रात ही रजा ७३० दिवसांची आहे आणि तिथेही पुरुष एकल पालक असेल तरच पात्र ठरतो. मूल सांभाळायचा हक्क बापाला मिळावा म्हणून आईने आधी जग नाहीतर किमान जमीन सोडावी लागते, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक आणले होते. खासगी क्षेत्र आणि असंघटित कामगार यांनाही पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी असा त्याचा रोख होता. खासगी विधेयकांचे भवितव्य सर्वांना ठाऊक आहे. १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. सातव २०२१ मध्ये गेले, आणि त्यांच्या या कामाची आठवण मराठी वर्तमानपत्रांनीही फारशी काढली नाही.

बाहेरचे दाखले देताना आपण नेहमी त्या देशांच्या श्रीमंतीवर बोट ठेवून विषय संपवतो. मला त्यांच्या पैशापेक्षा त्यांच्या नियमांची रचना महत्त्वाची वाटते. स्वीडनने १९७४ साली मातृत्व रजेच्या जागी आई-बाप दोघांची समाईक रजा आणली, आणि तरी वीस वर्षे ती जवळजवळ सगळी आयाच घेत राहिल्या, कारण जी रजा कोणीही घेऊ शकतो ती कमी पगाराचा माणूस घेतो. मग १९९५ मध्ये एक महिना प्रत्येकाच्या नावावर राखीव ठेवला गेला. बापाने तो घेतला नाही तर तो बुडतो, आईला देता येत नाही. आज ४८० दिवसांपैकी ९० दिवस असे प्रत्येकाचे राखीव आहेत. नॉर्वेने त्याआधी, १९९३ मध्ये, चार आठवडे बापाच्या नावावर केले. त्यापूर्वी रजा घेणारे बाप शेकड्याला चारही नव्हते, ते काही वर्षांतच सत्तरच्या वर गेले. जपानचा अनुभव उलट दिशेने शिकवणारा आहे. तिथे बापाला कागदोपत्री जवळजवळ वर्षभराची रजा होती, पण साहेबाच्या भीतीने कोणी घेत नव्हते. २०२२ पासून तिथे मूल होणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतः बोलावून रजा घेणार का असे विचारणे मालकावर बंधनकारक झाले. २०२३-२४ मध्ये रजा घेणाऱ्या बापांचे प्रमाण तीस टक्क्यांवर पोहोचले. विचारण्याची सक्ती ही बिनखर्चाची तरतूद आहे, आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतही ती उद्यापासून करता येईल.

घरातली वाटणी कशी असते हे सांगायला राष्ट्रीय पाहणी आहे. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटे. मुलांची किंवा आजारी माणसांची काळजी घेण्यात बायकांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. आणि हे फक्त ते काम करणाऱ्यांचे सरासरी आकडे आहेत. त्या दिवशी काहीच न केलेले पुरुष यात धरलेले नाहीत.

मिनिटे मोजता येतात, पण ध्यानात ठेवण्याचे काम मोजता येत नाही. माझी पत्नी मोहोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती सकाळी एसटीने जाते आणि मी शहरातच असतो, त्यामुळे मुलीला शाळेत सोडणे-आणणे, दुपारचे जेवण आणि दवाखाना माझ्याकडे. पीएफ आणि ईएसआयचे चलन दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचे असते, म्हणून दहा ते पंधरा या दिवसांत माझी आई तेवढे सांभाळते आणि संध्याकाळ पत्नी बघते. तिच्या परीक्षांच्या आणि निवडणूक कामाच्या दिवसांत उलटे होते. ही वाटणी आम्ही तारखांवर केली, भावनांवर केली नाही, म्हणून ती टिकली. पण शाळेला ती पटलेली नाही. प्रवेशअर्जावर संपर्काचा पहिला क्रमांक माझा आहे. तरी मुलीला उलटी झाली की फोन मोहोळला जातो, तिथून पत्नी वर्गाबाहेर येऊन मला फोन करते, आणि मी शाळेपासून दहा मिनिटांवर असतो. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात मला घ्यायला बाई संकोचल्या, कारण तो 'मम्मींचा' गट होता.

या सगळ्या व्यवस्थेचा खरा विमा उतरवलेला आहे तो आजीवर. सोलापूरची मुले-मुली नोकरीसाठी पुण्याला जातात, दोघेही नोकरी करतात, आणि मूल झाले की इथून एक आजी हुतात्मा एक्स्प्रेसने निघते. दोन महिने मुलाची आई, मग दोन महिने सुनेची आई, अशी पाळी लागते. मागे राहिलेले आजोबा जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये खानावळीचा डबा खातात आणि रक्तदाबाची गोळी घेतली का हे त्यांना रोज व्हिडिओ कॉलवर विचारले जाते. साठी उलटलेल्या बाईने हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावर, भाषा न कळणाऱ्या शेजारात, दिवसभर मूल कडेवर घेऊन बसायचे, आणि त्याला आपण संस्कार म्हणायचे. कंपन्यांना ही सेवा फुकट मिळते. तिचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येत नाही आणि धोरण आखणाऱ्यांनी तो कधी मागितलेला नाही.

काय करता येईल, तर माझ्या धंद्याच्या आवाक्यातले एक सांगतो. ईएसआयचा निधी स्त्री-पुरुष दोघांच्या वर्गणीतून भरतो. त्यातून प्रसूती लाभ दिला जातो, त्यासाठी अर्ज, पडताळणी आणि थेट बँक खात्यात पैसे अशी यंत्रणा वर्षानुवर्षे चालू आहे. त्याच यंत्रणेत बापाच्या नावावर चार आठवडे घालावेत, ते आईला देता येऊ नयेत, आणि मूल वर्षाचे होईपर्यंत तुकड्यांनी घेता यावेत. मालकाला फक्त जागा राखून ठेवावी लागेल. आणि प्रसूती लाभापुरती २१,०००ची मर्यादा काढून टाकावी, म्हणजे निर्यात विभागात मुलगी घ्यायची की मुलगा, हे ठरवताना बाळंतपणाचा आकडा मालकाच्या डोक्यात येणार नाही. यासाठी वर्गणी थोडी वाढली तर मालक कुरकुरतील, पण ती सर्व माणसांवर सारखी पडेल, एकट्या बाईच्या नावापुढे पडणार नाही.

यावर कारखान्यांत मला एकच आक्षेप ऐकू येतो: "रजा घेऊन हे लोक टपरीवर बसतील." काही बसतीलच. बाईच्या रजेत ती घरी पापड लाटते की विड्या वळते हे आपण कधी तपासले नाही, तेव्हा पुरुषाच्या रजेची टपरीवर जाऊन तपासणी करण्याचे कारण नाही. ज्या घरात आई पाळीवर गेलेली आहे आणि आजी गावाला आहे, तिथे टपरीवर जायचे तर मूल काखोटीला मारूनच जावे लागेल.